पंधराव्या फाइलपासून

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. गायकवाड काकांचं नाव निघालं की मी उठून गॅसपाशी जाते, हे सात वर्षांत त्याच्या लक्षात आलं असेल, तर त्याने ते कधी बोलून दाखवलेलं नाही. बहिणीला ठाऊक नाही. ज्यांच्या दुकानात हे घडलं त्या शेठना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखणाऱ्या माणसासमोर हे बोलायची हिंमत माझ्यात तेव्हा नव्हती आणि आजही नाही.

कुठून सुरुवात करू? कामापासून करते. कामाबद्दल बोलायला मला सोपं जातं.

मी बदलापूरला कात्रपमध्ये राहते. तेव्हा उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, एका सिंधी शेठच्या दुकानात टायपिंगचं आणि डीटीपीचं काम करायचे. लग्नपत्रिका, क्लासच्या प्रश्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा. नवं गिऱ्हाईक आलं की शेठ माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "मॅडम की फाइल में गलती निकाल के दिखाओ, साईं!" मी मान खाली घालून हसायचे. वंदना चूक करत नाही. ते ऐकायला मला किती आवडायचं, हे मला स्वतःलाच तोवर कळलेलं नव्हतं.

गायकवाड काका अंबरनाथचे. शिवमंदिराच्या पलीकडच्या वस्तीत राहायचे, एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांना पुस्तक काढायचं होतं — वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांचं. छप्पन्नच्या दीक्षेनंतर गाव सोडून इकडे आलेली पहिली पिढी. ज्यांनी इथल्या कारखान्यांच्या भिंतींना विटा वाहिल्या आणि मग त्याच कारखान्यांत पोरांना चिकटवलं, ती माणसं. काका एकेकाच्या घरी जाऊन बसायचे, ऐकायचे, आणि घरी येऊन मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर एका बोटाने वर्डमध्ये टाइप करायचे. चार वर्षं. बावीस माणसं, बावीस फाइली. मग तो कॉम्प्युटर बंद पडला, आणि सगळं उरलं ते एका पेनड्राइव्हवर. तो रुमालात गुंडाळून काका आमच्या दुकानात आले.

अडचण अशी होती की काकांनी जुना मराठी फॉन्ट वापरला होता. तो छापखान्यात उघडत नव्हता. उघडला तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा. तो सगळीकडे उघडणाऱ्या युनिकोडमध्ये बदलायला हवा होता. आणि बदलणारं सॉफ्टवेअर फक्त साधी टेक्स्ट फाइल घ्यायचं — ज्यात नुसती अक्षरं असतात, बाकी काही नाही. म्हणजे प्रत्येक वर्डची फाइल आधी साधी टेक्स्ट म्हणून सेव्ह करायची. तसं करताना कॉम्प्युटर एक चौकट दाखवतो. त्यात लिहिलेलं असतं की ठळक अक्षरं, रंग, रेघा, सगळी सजावट जाईल, चालेल का? आपण ओके दाबतो. मी दिवसातून वीस वेळा दाबायचे.

पण काकांच्या फाइलींत रेघा होत्या.

त्यांची पद्धत अशी की एखाद्याने सांगितलेलं मागाहून परत घेतलं, किंवा एखादी गोष्ट खोटी निघाली, तर ते ती पुसायचे नाहीत. तिच्या मधोमध आडवी रेघ मारून ठेवायचे. मी विचारलं, काका, डिलीटच का नाही करत? तर म्हणाले, "पुसलं की तो माणूस बोललाच नाही असं होतं ना, ताई. तो बोलला पण होता, आणि नको पण म्हणाला होता. माझ्यापाशी दोन्ही राहू दे. पुस्तकात मात्र रेघ मारलेलं एक अक्षर घ्यायचं नाही. तुम्ही लक्ष ठेवाल ना?"

मी हो म्हणाले. स्पष्ट, त्यांच्याकडे बघून. समोरच्या कागदावर लिहूनही घेतलं — 'रेघ = काढणे'. म्हणजे त्यांनी सांगितलं नव्हतं, मी ऐकलं नव्हतं, विसरले होते, यातलं काही म्हणायची सोय मला नाही.

पहिल्या चौदा फाइली मी नीट केल्या. प्रत्येकीची कॉपी काढली, कॉपीतली रेघ मारलेली वाक्यं शोधून काढून टाकली, मग टेक्स्ट केली. वाचतही होते मधूनमधून. चांगलं लिहायचे काका. समोरचं माणूस बोलतंय असं वाटायचं.

मग प्रश्नपत्रिकांचा हंगाम आला. तीन क्लासवाले एकाच आठवड्यात उभे. त्यात एका दुपारी काकांचा फोन आला, की मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, छापखानावाला घाई करतोय. मी म्हणाले, आज पाठवते. आणि राहिलेल्या आठ फाइली मी सरळ एकापाठोपाठ एक टेक्स्ट केल्या. चौकट आली, ओके. चौकट आली, ओके. मनात होतं की संध्याकाळी मूळ फाइली समोर ठेवून ताडून बघू. संध्याकाळी मी माझी बॅग उचलून घरी गेले.

रेघ गेली. रेघेखालची अक्षरं राहिली. साधी टेक्स्ट फाइल तेवढंच करते.

प्रूफं आली तेव्हा काकांच्या डोळ्याला पट्टी होती. "ताई, तुम्हीच बघा. तुमच्यावर सोडलंय," म्हणाले. मी शुद्धलेखन बघितलं. ऱ्हस्व-दीर्घ बघितले. एकही चूक सोडली नाही मी — ऱ्हस्व-दीर्घाची.

पुस्तक छापून आलं. एका रविवारी सकाळी विहाराच्या हॉलमध्ये प्रकाशन झालं, मीही गेले होते. काकांनी माझं नाव घेऊन आभार मानले. टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेत त्या बावीसांपैकी हयात असलेली नऊ-दहा माणसं बसली होती. त्यांत भागाबाई होत्या. ऐंशीच्या पुढच्या, पांढरं पातळ, शेजारी मुलगी सुमनताई. भागाबाईंना वाचता येत नव्हतं. पुस्तक त्यांनी दोन्ही हातांत धरलं होतं आणि मुखपृष्ठावरून तळवा फिरवत होत्या.

अठराव्या फाइलमध्ये त्यांनी काय सांगितलं होतं ते मला आता सांगावंच लागेल. ते सांगायचा हक्क मला नाही. पण त्याशिवाय मी काय केलं हे तुम्हाला कळायचं नाही.

भागाबाई तरुणपणी बांधकामावर घमेली वाहायच्या. कडेला झोळीत सहा महिन्यांचा मुलगा. तो रडायला लागला की मुकादम ओरडायचा, म्हणून तेव्हा बऱ्याच बाया करायच्या तेच त्या करायच्या — अफूचा बारीकसा तुकडा चाटवायच्या, म्हणजे पोर झोपून राहायचं. एक दिवस तुकडा मोठा पडला. संध्याकाळी झोळी सोडली तेव्हा मूल गार होतं. नवरा दुसऱ्या कामावर होता. त्याला त्यांनी सांगितलं, ताप आला. नवरा जन्मभर तापच समजून होता आणि तसाच गेला. मागाहून झालेल्या सुमनताईंनाही तेच सांगितलेलं. काकांपाशी त्या पहिल्यांदा बोलल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, काका दात घासत होते तेव्हाच, दारात येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, कालचं त्ये लिवू नगस. मी बोलून गेले. माजी पोर हाय, तिला ठावं न्हाई."

काकांनी हेही फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं, आणि सगळ्यावर रेघ मारली होती. मुलाची चार वाक्यं आणि खाली त्यांची विनवणी. सगळं छापून आलं. विनवणीसकट.

सुमनताईंनी ते प्रकाशनानंतर तिसऱ्या दिवशी वाचलं. त्यांच्या आधी वस्तीतल्या चार घरांत वाचून झालं होतं. नळावर कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, स्वतःच्या पोराला अफू दिली म्हणे. सुमनताईंनी काकांच्या घरी जाऊन पुस्तक उंबऱ्यावर ठेवलं आणि एवढंच विचारलं, "तिनं नको सांगितलं होतं, ते पण छापलंत?" भागाबाई बोलायच्या थांबल्या. काकांशीच असं नाही, कुणाशीच.

हे मला काकांनीच सांगितलं, दुकानात येऊन. डोळा अजून लाल होता. पिशवीतून पुस्तक काढलं, पान उघडलं, आणि म्हणाले, "ताई, हे कसं आलं? मी रेघ मारली होती. मला पक्कं आठवतंय."

शेठ काउंटरवर होते. दोन गिऱ्हाइकं होती. पान बघताक्षणी मला कळलं होतं. ती दुपार, त्या आठ फाइली, उचललेली बॅग — सगळं एका क्षणात. तेव्हा मी म्हणू शकले असते ना? काका, माझ्याकडून राहिलं. पाच शब्दसुद्धा नाहीत. शेठ ओरडले असते, फार तर. गिऱ्हाइकांनी ऐकलं असतं.

मी म्हणाले, "बसा ना काका. मूळ फाइल बघू."

ते बाकड्यावर बसले. स्क्रीन माझ्याकडे होती. त्यांनी आणलेला पेनड्राइव्ह लावला, अठरावी फाइल उघडली. रेघ होती. स्वच्छ, सरळ, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मी तेवढा मजकूर सिलेक्ट केला आणि रेघेचं बटण एकदा दाबलं. रेघ गेली. सेव्ह केलं.

मग मी मॉनिटर त्यांच्याकडे वळवला.

"बघा काका. रेघ नाहीये."

ते उठून जवळ आले. चष्मा वर केला, खाली केला. स्क्रीनला नाक लागेल इतके वाकले. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. मला अजून ती मान दिसते — कॉलरच्या वर दाढी करताना राहिलेले चार पांढरे केस.

"मी मारली होती," ते म्हणाले. पण आता ते विचारत होते.

"कधीकधी होतं असं, काका. सेव्ह करायचं राहून जातं. वयात होतं." हे मी म्हणाले. वयात होतं, हे शब्द माझे. मला कुणी सुचवले नव्हते.

शेठ तिथूनच म्हणाले, "अंकल, मॅडम से गलती नहीं होती." आणि काका माझ्याकडे वळून म्हणाले, "नाही नाही, ताईंची नाही. माझीच."

इथे थांबले असते तर? तर मी घाबरून खोटं बोललेली एक बाई असते. तसल्या बायका पुष्कळ आहेत. पण जाताना काका पेनड्राइव्ह ठेवून गेले. म्हणाले, बाकीच्या फाइलींतही माझं काही राहिलंय का, सवडीने बघून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात मी एकटी होते. उरलेल्या सात फाइली उघडल्या. त्यांतही रेघा होत्या. साध्याच होत्या — कुठे चुकलेलं साल, कुठे कुणाचं आडनाव, कुठे तेच वाक्य दोनदा. तो मजकूर पुस्तकात आलेला होता आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण काकांनी त्या रेघा बघितल्या असत्या तर त्यांना कळलं असतं. मी सातही फाइलींतल्या रेघा काढल्या. पहिल्या वेळी बटण दाबण्याआधी मी शेठकडे बघून घेतलं होतं. दुसऱ्या वेळी मी चहा पीत होते.

चौदा फाइलींत रेघा, पंधराव्यापासून एकही नाही. मी तसं ठरवून केलं नव्हतं. पण काकांनी त्याचा अर्थ लावला. पेनड्राइव्ह न्यायला आले तेव्हा मी त्यांना हे नीट, मदत केल्यासारखं सांगितलं. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "पंधरावी म्हणजे गेल्या वर्षीचा गणपती. म्हणजे तेव्हापासून विसरायला लागलोय मी." शांतपणे म्हणाले. नोंद केल्यासारखं.

फाइल शेवटची कधी बदलली, ते कॉम्प्युटर आपोआप लिहून ठेवतो. कुणीही बघितलं असतं तर दिसलं असतं. कुणी बघितलं नाही. माझ्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

त्यानंतर काका घरोघर फिरले. एक काळं पेन घेऊन, ज्यांच्याकडे पुस्तक गेलं होतं त्या प्रत्येकाकडे. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर. दारात उभं राहून म्हणायचे, माझ्याकडून चूक झाली, पुस्तक जरा द्या. आणि त्या ओळींवर हाताने काट मारायचे. लोक काय करणार? ज्यांनी पुस्तक उघडलंही नव्हतं त्यांनी ते गेल्यावर उघडलं आणि काळ्या शाईखालचं उजेडात धरून वाचलं. दुकानात एक प्रत होती. ती मागायलाही आले. पान काढलं आणि मला म्हणाले, "ताई, पट्टी आहे का? हात सरळ चालत नाही."

मी पट्टी दिली. एका टोकाला धरूनही ठेवली, हलू नये म्हणून.

भागाबाई पुढच्या पावसाळ्यात गेल्या. त्या शेवटपर्यंत कुणाशी काय बोलल्या, सुमनताईंनी त्यांना जवळ घेतलं की नाही, मला माहीत नाही. विचारायची माझी जागा नाही. मला एवढंच कळलं की काका स्मशानाच्या फाटकाबाहेर उभे राहिले, आत गेले नाहीत.

मी हे का केलं, असं तुम्ही विचाराल. नोकरीच्या भीतीने? शेठनी मला काढलं नसतं. मला ते "मॅडम से गलती नहीं होती" हवं होतं. दुसरं असं की काका माझ्या ओळखीतले नव्हते. त्यांच्या वस्तीतलं कुणी कात्रपला माझ्या घरी येणार नव्हतं, माझ्या सासूशी बोलणार नव्हतं. आमच्या सोसायटीतले कुणी काका असते तर मी हीच हिंमत केली असती का? नसती केली. हे मला तेव्हाही कळत होतं. मनातल्या मनात मी हिशेब केला होता, की या माणसाचं बोलणं माझ्या लोकांपर्यंत पोचणार नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि लाज वाटून काही होत नाही हेही मला माहीत आहे.

काकांच्या मुलाने त्यांना डॉक्टरकडे नेलं. काकांनी स्वतःच सांगितलं, पंधराव्या फाइलपासून. डॉक्टरांनी घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. काकांना ते जमलं, पण त्यांचं म्हणणं की मी घरी तयारी करून गेलो होतो. गोळ्या सुरू झाल्या. त्यांना आणखी अकरा जणांना भेटायचं होतं, दुसऱ्या भागासाठी. नावांची यादी तयार होती. ते गेले नाहीत. मला एकदा म्हणाले, "माणूस आपलं काही सांगतो ते आपण जपू म्हणून. मला आता जपता येत नाही. कशाला कुणाचं घ्यायचं?" त्या अकरांपैकी आता किती उरलेत, कोण जाणे.

मुलाने सोनिवलीला नव्या बिल्डिंगमध्ये घर घेतलं, तेव्हा काकाही अंबरनाथ सोडून तिकडे आले. म्हणजे आता माझ्याच गावात. मीही शेठची नोकरी सोडून बदलापुरात स्वतःचं छोटं दुकान टाकलं. काका लोकांना माझ्याकडे पाठवतात. "ताई फार काळजीने काम करतात," म्हणतात.

गेल्या महिन्यात ते बाजारात भेटले. हातात कागद होता, त्यावर लिहिलेलं — मेथी, लिंबं चार, सुटे परत घेणे. खाली घरचा पत्ता. स्वतःच्या घरचा पत्ता त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून खिशात ठेवला होता, आणि मला काही त्यांच्यात विसरल्याची खूण दिसली नाही. माझ्या मुलीचं नाव घेऊन त्यांनी विचारलं, दहावीला किती पडले. सात वर्षांपूर्वी एकदा सांगितलेलं नाव.

मग मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता म्हणाले, "ताई, एक विचारू? रागवू नका. त्या भागाबाईंच्या पानावर मी रेघ मारलीच नव्हती का हो? तुम्ही फाइल पहिल्यांदा उघडली तेव्हा? तुम्हाला तरी काही आठवतंय?"

आजूबाजूला कुणी ओळखीचं नव्हतं. शेठ नव्हते. गिऱ्हाइकं नव्हती. भाजीवाली दुसऱ्याशी बोलत होती.

मी म्हणाले, "नव्हती, काका."

त्यांनी मान हलवली. "बरं झालं विचारलं," म्हणाले. "मधेच कधीतरी वाटतं, मारली होती. पण तुम्ही सांगताय म्हणजे नसणार." आणि मग लिंबं घ्यायला पुढे गेले.

ते रोज सकाळी गोळी घेतात. सोनिवलीला माझ्या दुकानासमोरून रिक्षा जाते, दहा मिनिटांचा रस्ता आहे. मी गेलेले नाही.